रविवारी केलेले ओट्स-सफरचंद बुधवारी खळ का होतात?

थंडगार_सांगलीकर | २० ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, धागा नाश्त्याचा आहे, पण आधी घरचं वेळापत्रक सांगतो. त्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या पूर्वेला राहतो, वेन काउंटीच्या हद्दीजवळ. बायको हॉस्पिटलात रात्रपाळी करते, संध्याकाळी सात ते सकाळी सात. मुलगी चौथीत, तिची बस ७:२० ला. मी ८ ला निघतो. बायको पावणेआठला घरी येते, तेव्हा तिचं ते रात्रीचं जेवण असतं खरं तर, पण तिला खायला नाश्ताच हवा असतो. सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांचं अंघोळ-पूजा उरकून नऊ वाजता. म्हणजे एका सकाळी तीन पंगती, आणि आचारी मी. स्वतःचं उभ्याउभ्या, पातेल्याला चिकटलेलं.

सांगलीत ऑक्टोबर म्हणजे हीट. इथे काल सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. त्यामुळे खाणं गरमच पाहिजे, यावर घरात एकमत आहे. बाकी कशावर नाही.

त्यातून सफरचंदं. इथून रूट १०४ ने विल्यमसन-सोडसकडे निघालं की दोन्ही हातांना बागाच बागा. ऑन्टारिओ सरोवराच्या गार पाण्यामुळे वसंतात झाडं जरा उशिरा फुलतात आणि मोहर हिमातून वाचतो, म्हणून हा पट्टा सफरचंदांचा. आपल्या हातांनी तोडायची, पिशवीवर पैसे. मुलीच्या उत्साहापोटी आम्ही दोनदा गेलो आणि दोनदा अर्धा-अर्धा बुशेल आणलं. अर्धा बुशेल म्हणजे साधारण २० पाउंड, नऊ किलो. म्हणजे गॅरेजमध्ये १८ किलो सफरचंदं. निम्मी मॅकिंटॉश, बाकी कॉर्टलंड आणि एम्पायर. शिवाय दोन पिशव्या क्रॅनबेरी, कारण स्वस्त दिसल्या.

तर मी ठरवलं, रविवारी रात्री एकदाच मोठं पातेलं भरून ओट्स करायचे, पाच दिवस गरम करून द्यायचे. स्टील-कट ओट्स घेतले (आख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले, आपल्या लापशी रव्यासारखे दिसतात ते). दोन कप ओट्स, चार कप पाणी, चार कप दूध, पाच मॅकिंटॉश चिरून, दालचिनी, आणि मुठीएवढा कोल्हापुरी गूळ, जो सासूबाईंनी सामानातून आणला होता. सगळं एकदम, मंद आचेवर.

सोमवारी सकाळी अप्रतिम. मुलीने वाटी चाटली. मंगळवारी इतकं आळलं होतं की वड्या पाडता आल्या असत्या. दूध घालून सैल केलं. बुधवारी राखाडी लगदा. सफरचंदाची फोड शोधून सापडेना, फक्त साली. मुलगी म्हणाली, "बाबा, ही पतंगाला लावायची खळ आहे." (मागच्या संक्रांतीला आजोबांनी सांगलीत दाखवली होती, ती नेमकी लक्षात राहिली.) गुरुवारी गरम करताना दूध नासल्यासारखं झालं, गुठळ्या आणि वर पाणी.

दुसऱ्या आठवड्यात ओव्हरनाइट ओट्स करून पाहिले, बरणीत दूध-ओट्स-फळ घालून फ्रिजमध्ये. ते गारढोण. मायक्रोवेव्ह केले तर बरणीच्या कडेला उकळतं आणि मध्ये हिमालय.

तिसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. ओट्स, दूध आणि क्रॅनबेरी एकत्र. वाफ सोडायला झडप फिरवली आणि गुलाबी फेसाचं कारंजं थेट वरच्या कपाटाच्या दारापर्यंत. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या, त्यांना वाटलं काही फुटलं. चूक माझीच. नंतर पुस्तिका काढून पाहिली तर त्यात ओट्स, क्रॅनबेरी आणि सफरचंदाचा गर फेसाळून झडप तुंबवतात असं लिहिलेलं आहे. मी एका भांड्यात तिन्हीतली दोन घातली होती.

आणि या सगळ्यावर सासूबाईंचं पालुपद: "दूध आणि फळ एकत्र करूच नये, विरुद्ध असतं." मी म्हटलं, मग शिकरण? म्हणाल्या, "केळ्याचं वेगळं."

आता प्रश्न. रविवारी करून ठेवता येईल, तीन वेळांना गरम करता येईल, फोडी फोडीच राहतील आणि दूध फाटणार नाही असं काही आहे का? सफरचंद चुकतंय, ओट्स चुकतायत की मी? ओट्स सोडा असं कृपया सांगू नका, मुलीला सोमवारचे ते ओट्स आवडले आहेत आणि तिला काही आवडणं ही आमच्याकडे घटना असते.

---

आंबीलप्रेमी | २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

ओट्स सोडा.

नाचणीची आंबील करा. रात्री पीठ भिजवायचं, सकाळी पाच मिनिटांत तयार, ताक-मीठ-जिरं. सहा महिने सासूबाई आहेत म्हणता, त्या डोळे मिटून करतील. सफरचंद सोबत कच्चं खावं, त्याला शिजवून कोणाचं भलं झालंय?

---

थंडगार_सांगलीकर | २० ऑक्टोबर, रात्री ११:२२

दादा, एक धागा सरळ जाऊ दे ना. आंबील मलाही आवडते. पण मुलीला सकाळी ताक दाखवलं की ती बसच्या आधी रडते, आणि १८ किलो कच्ची सफरचंदं खायला गॅरेजमध्ये हत्ती लागेल.

---

एडिसनची_आत्या | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

अरे सांगलीकरा, वाचून हसले आणि जीवही कळवळला. इथे न्यू जर्सीत येऊन ३१ वर्षं झाली, त्यातली पहिली दहा मीही असाच सगळ्याचा एकच काला करत होते.

पहिलं, दूध फळाने फाटलं हे अर्धंच खरं. तू गूळ घातलास ना? उकळत्या दुधात गूळ! गव्हाच्या खिरीला तुझी आई गूळ कधी घालायची आठव. खीर उतरवून, जरा निवल्यावर, दूध त्याच्याही नंतर, आणि मग पुन्हा उकळी नाही. गुळाने दूध फाटतं हे आपल्याकडे पोरीबाळींना ठाऊक असतं. त्यात वर मॅकिंटॉशचा आंबटपणा, आणि रोज नवं तापवणं. दुधाने तरी किती सोसावं? सासूबाईंना जाऊन सांग की तुमचं बरोबर होतं. कारण वेगळं असलं तरी चालेल, सांग.

दुसरं, तू ओट्स शिजवत नाहीयेस, तू लापशी करतोयस असं समज. लापशी रवा आपण कधी कोरडा पाण्यात ढकलतो का? आधी तुपावर खमंग भाजतो. स्टील-कट तसेच भाज. सपाट बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप, मंद आच, चार-पाच मिनिटं, खारी शंकरपाळी तळल्यासारखा वास सुटेपर्यंत. मग आधणाचं पाणी. एका कपाला साडेतीन कप, आणि मीठ. दूध अजिबात नाही. वीस-पंचवीस मिनिटं, अधूनमधून तळापासून ढवळत. दाणा मऊ पण दाताला लागला पाहिजे, तिथे थांब. उद्या गरम होणार आहे तेव्हा तो उरलेला शिजतोच.

तिसरं, फळाचा साखरांबा. म्हणजे खरा साखरांबा नव्हे, एवढी साखर कोण खातंय आता, पण कृती तीच. सहा कॉर्टलंड, साल ठेव, मोठ्या फोडी, आपण लोणच्याला कैरी चिरतो तेवढ्या. पसरट पॅनमध्ये चमचाभर तूप, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, त्यावर फोडी आणि लगेच तीन-चार चमचे साखर. साखर आधी घातली की फोड टिकते, पाण्यात आधी शिजवून मग साखर घातलीस तर विरघळते. वर अर्ध्या लिंबाचा रस. झाकण ठेवू नकोस, वाफेने लगदा होतो. दहा मिनिटांत कडा पारदर्शक दिसायला लागतात, बंद कर. पॅनमध्येच मुरू दे. शेवटी सुंठ आणि जायफळ, अगदी चिमूट.

क्रॅनबेरी त्यात टाकू नकोस, सगळं लाल होतं आणि आंबटही. त्यांचं वेगळं कर. १२ औंसांची पिशवी, पाऊण कप साखर, पाऊण कप पाणी. फटाफट फुटायला लागल्या की आठ-दहा मिनिटांत जेली होते. कोणाला हवं त्याने वरून चमचाभर घ्यावं. माझे यजमान ती थालीपिठाला लावून खातात, तो भाग वेगळा.

सकाळी वाटीत ओट्स गरम करायचे, वर फळ, आणि ज्याला हवं त्याने दूध. तीन पंगती, तीन तऱ्हा, भांडण नाही. मॅकिंटॉश मात्र या कामाला नाही. ती विरघळतेच, तिचा गर करून बाटल्या भर.

---

लीथवाली | २१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

एडिनबराहून नमस्कार. आत्यांच्या भाजण्याला माझा पाठिंबा, पण इथली पद्धतही सांगते, कारण तुमच्याकडे ओट्स जसे 'हेल्दी' म्हणून आले तसे इथे नाहीत, इथे ते पोटाला म्हणून शेकडो वर्षं आहेत.

स्टील-कटला इथे पिनहेड म्हणतात आणि ते रात्रभर पाण्यात भिजवतात. फक्त पाण्यात. सकाळी त्याच पाण्यात मीठ घालून शिजवायचं, वेळ निम्मा लागतो. ढवळायला स्पर्टल, म्हणजे गोल लाकडी दांडा. चमच्यासारखं पातं नसल्याने दाणा चेचला जात नाही. मी घरून आणलेली रवी उलटी धरून ढवळते, तेवढंच. कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिज करण्याची जागतिक स्पर्धा भरते, ऑक्टोबरातच. मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं, आणि विजेत्याला सोनेरी स्पर्टल. दूध, साखर, फळ हे सगळं 'स्पेशालिटी' गटात. म्हणजे सांगलीकर, तुम्ही थेट दुसऱ्या गटातून सुरुवात केलीत.

मीठ नाही घातलंत का? कृतीत कुठे दिसलं नाही. मीठ नसेल तर कितीही गूळ घाला, ते रुग्णालयातलंच लागतं.

'मंगळवारी वड्या पाडता आल्या असत्या' हे वाचून मला गंमत वाटली. इथली म्हातारी माणसं सांगतात की पूर्वी आठवड्याचं पॉरिज करून ते कपाटाच्या खणात ओतायचे, थिजलं की काप करून रानात न्यायचे. म्हणजे तुमचा मंगळवार हा स्कॉटलंडात बिघाड धरला जात नाही. कापून तव्यावर लोण्यात भाजून बघा एकदा, कडा कुरकुरीत होतात.

फळाबद्दल, आमच्याकडे शरदात ब्रॅम्लीची सफरचंदं. ती तुमच्या मॅकिंटॉशपेक्षाही पटकन फुलून कापूस होतात, आणि आम्ही ती मुद्दाम तशीच खातो. तेव्हा मॅकिंटॉश टाकाऊ म्हणू नका आत्या. तिचा गर आणि कॉर्टलंडच्या फोडी असे दोन्ही एकत्र केले तर गराने गोडवा येतो आणि फोडी दाताला लागतात.

---

प्रयोगशाळेतला_काका | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५०

मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्रात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे माझं काम विरजण टाकण्याचं. नाश्ता कोणाचाही असो.

पाच दिवस हा हिशेब चुकीचा आहे. शिजवलेलं धान्य फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस. रविवारी रात्री केलंत तर गुरुवारी सकाळी संपवा. शुक्रवारचं फ्रीजरमध्ये घाला, आणि ते रविवारीच, गुरुवारी आठवण झाल्यावर नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निववणं. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवलं होतंत का? आपल्याकडे भात तसा ठेवतात, आणि तोही ठेवू नये. धान्यात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट पातेल्यात उठून बसतात. त्यातल्या एका प्रकारचं विष नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून दोन तासांच्या आत फ्रिज, आणि तेही उथळ ट्रेमध्ये पसरून, दोन इंचांपेक्षा जाड थर नको. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. लीथवाल्या ताईंचं भिजवणं कच्च्या दाण्याचं आहे. तरी तुमच्या घरात हीटिंग चालू असेल, भिजवायचं तर फ्रिजमध्ये भिजवा.

आत्याबाईंचा साखरांबा चविष्ट असणार, पण त्याला साखरांबा म्हणून बरणी फळीवर ठेवू नका. खरा साखरांबा साखरेच्या जोरावर टिकतो. तीन-चार चमचे साखर कशालाच टिकवत नाही, त्याचे दिवस ओट्सइतकेच धरा. क्रॅनबेरी जास्त आंबट आणि जास्त गोड, ती फ्रिजमध्ये आठवडाभर निर्धास्त.

आळण्याचं कारण विचारलं नाहीत तरी सांगतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू असतो, चिकटपणा त्याचाच. त्याच्याच जोरावर १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या डब्यावर हृदयाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर. तो आणि स्टार्च मिळून थंडीत पाणी धरून घट्ट बसतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सैल करायला दूध नाही, उकळतं पाणी घाला, आणि मध्ये थांबून ढवळा. गार दूध ओतलं की गुठळ्या तशाच राहतात, माणूस पुन्हा पुन्हा तापवत बसतो आणि मग त्याला खळ म्हणतो.

---

मिनेसोटाची_माई | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

तीन मुलं, घाईत लिहितेय. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला वाटी नको असते, हातात धरायला काहीतरी हवं असतं (मी नऊ वर्षं केलीय रात्रपाळी). ओव्हनमध्ये भाजलेले ओट्स करा.

दोन कप चपटे ओट्स (स्टील-कट नाही, ते कच्चे राहतात), चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, दालचिनी. दुसरीकडे पावणेदोन कप दूध, एक अंडं, पाव कपापेक्षा थोडं जास्त मेपल सिरप, तीन मोठे चमचे वितळलेलं लोणी. दोन कप सफरचंद. आठ इंची चौकोनी भांडं, ३७५ फॅरनहाइट, ३५ ते ४० मिनिटं. मध्ये हलत नसलं की झालं. गार करून नऊ तुकडे. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने सहज. सासूबाई अंडं खात नसतील तर एक चमचा जवसाचं पीठ तीन चमचे पाण्यात भिजवून, थोडं भुसभुशीत होतं इतकंच.

आणि फ्रीजरला मफिन ट्रे! ओट्स खळग्यांत भरून गोठवायचे, मग सुटे करून पिशवीत. एका माणसाला दोन गोळे.

---

थंडगार_सांगलीकर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मंडळी, दोन रविवार झाले. घड्याळही एक तास मागे गेलं, त्यामुळे काल सकाळी पहिल्यांदाच मला बसून चहा मिळाला आणि मी हा वृत्तांत मनात लिहून काढला.

पहिल्या रविवारी आत्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही. पावणेचार कप ओट्स तुपावर भाजले, तेरा कप आधण, दीड चमचा मीठ. माणशी पाव कप कोरडे ओट्स पुरतात असं लक्षात आलंय, तीन माणसं, पाच दिवस, बरोबर पंधरा वाट्या. (माझं खरवडणं हिशेबाबाहेर.) वास इतका सुटला की सासूबाई जपमाळ हातात घेऊनच स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "सांजा करतोयस का?" मी म्हटलं हो. काकांच्या धाकाने दोन मोठ्या ट्रेमध्ये पसरलं. घरातल्या सगळ्या ओट्यावर पसरट भांडीच भांडी, लग्नघरी वड्या थापल्यासारखी. नऊ वाट्यांचं फ्रिजमध्ये, सहा वाट्यांचं मफिन ट्रेच्या बारा खळग्यांत. एका ट्रेमध्ये नेमकं गुरुवार-शुक्रवार बसतं हे पाहून मला झालेला आनंद बायकोला समजावता आला नाही.

फोडींचं पहिल्या खेपेला चुकलं. सवयीने झाकण ठेवलं. चारच मिनिटं, फोनवर होतो, पण कॉर्टलंडच्यासुद्धा कडा विरघळल्या. दुसऱ्या खेपेला फोन बाहेर ठेवून केलं आणि आत्या, बुधवारी सकाळी फोड चमच्यावर अख्खी! मुलीने मोजून सात खाल्ल्या. बागेतल्या फलकावर वाचलं की कॉर्टलंड हे मॅकिंटॉश आणि बेन डेव्हिस यांचं अपत्य, १८९८ साली आमच्यापासून तासाभरावरच्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात जन्मलेलं. म्हणजे आई विरघळणारी, पोर टिकाऊ. सासूबाईंपुढे हे बोललो नाही.

त्याच फलकाशेजारी एक म्हातारे गृहस्थ पेट्या उचलत होते. त्यांना विचारलं, शिजवून फोड राहील असं सगळ्यात चांगलं कोणतं? त्यांनी क्षणभरही न थांबता 'नॉर्दर्न स्पाय' म्हटलं. ओबडधोबड, हिरव्या-लाल रेघांचं, ऑक्टोबरअखेर तयार होतं, आणि मूळ इथलंच, रॉचेस्टरच्या दक्षिणेकडच्या ईस्ट ब्लूमफील्डचं. चार पाउंड घेतली. (हो, अजून घेतली.) कॉर्टलंडपेक्षा आंबट, त्यामुळे साखर चमचाभर जास्त, पण शिजल्यावर कैरीच्या फोडीसारखी ताठ. शुक्रवारचं फळ यापुढे याचंच.

मॅकिंटॉशचा गर केला. मग लीथवाली ताईंचं ऐकून दोन्ही मिसळले, निम्मा गर, निम्म्या फोडी. हेच आता घरचं ठरलंय. मुलीने त्याला 'ॲपल लापशी' नाव दिलं आणि डब्यात मागितलं. मीठही घालतो आता. ताई, खरंच घातलं नव्हतं.

खणात ओतायचं पॉरिजही तव्यावर भाजून पाहिलं, लोण्याऐवजी तुपात. चांगलं लागलं. मात्र तवा घासायला जितका वेळ गेला त्यात मी दुसरी सफरचंदं चिरली असती.

भाजलेल्या ओट्सचं भांडं बायकोने पळवलं. माई, तुम्ही म्हणालात तेच. ती आली, बूट काढले, एक तुकडा तोंडात, दुसरा हातात घेऊन जिना चढली. वाटी, चमचा, बोलणं काही नाही. गेले दोन आठवडे मी तिला पावणेआठला गरम वाटी देऊन समोर बसत होतो आणि ती झोपेत हो-हो म्हणत होती. तिला काय हवंय हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तिच्यासाठी वेगळं करतो, नऊ तुकडे, त्यातले दोन माझे.

सासूबाईंना गुळाचं सांगितलं. आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गूळ मी आणला, पण उकळत्या दुधात घाल असं म्हटलं होतं का?" त्यांची वाटी आता अशी असते: पाण्यातले ओट्स, फोडी, वर तुपाची धार, दूध शेजारी पेल्यात, वेगळं. नऊ वाजता खिडकीत बसून खातात. अंगणातल्या मेपलची पानं पडून झाली, तर आता खारी बघतात.

एक राहिलं. बाजारातून बॉस्क जातीचे नाशपाती आणले, बदल म्हणून. आठ दिवस झाले, दगड आहेत. दाबून दाबून बोटं दुखली. हे कधी पिकतात, आणि यांच्याही फोडी अशाच होतील का?

---

एडिसनची_आत्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

पोट दाबू नकोस, मान दाब. देठाजवळ जरासा दबला की झाला. नाशपाती आतून पिकत येतो, पोट मऊ लागेपर्यंत आत काळा पडतो. फ्रिजमध्ये ठेवलेस का? बाहेर काढ, कागदी पिशवीत घाल, सोबत एक सफरचंद टाक, दोन-चार दिवसांत येतील. तुझ्याकडे सफरचंद असेलच एखादं.

बॉस्कच्या फोडी छान राहतात. त्याला दालचिनी नको, वेलची घाल.

---

थंडगार_सांगलीकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

फ्रिजमध्येच होते. काढले. पिशवीत दोन मॅकिंटॉश टाकली, तेवढीच कमी झाली.

---

आंबीलप्रेमी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

सफरचंद घालून आंबील कशी लागेल?